इंग्रजी शाळांची संघटना : नुसत्या वर्गणीवर सभासदत्व नाही
ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या शाळांची ‘इंग्लिश यूके’ ही संघटना २००४ साली दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून स्थापन झाली. नुसती वर्गणी भरून तिचे सभासद होता येत नाही. त्यासाठी ब्रिटिश कौन्सिलची मान्यता लागते. तपासनीस शाळेत येऊन कारभार, जागा, अध्यापन व विद्यार्थ्यांची देखभाल पाहतात. पूर्ण तपासणी दर ४ वर्षांनी होते. मधल्या काळात न कळविताही भेट होऊ शकते. मान्यता नसेल तर सभासदत्वही नाही.

म्हणून मुलाला तेथे पाठवू इच्छिणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एजंटाच्या हाती घामाचा पैसा देण्यापूर्वी शाळेचे नाव कौन्सिलच्या यादीत आहे काय, हे स्वतः पाहावे. माहितीपत्रकावर छापलेले बोधचिन्ह हा पुरावा नव्हे.