सरखेल कान्होजी आंग्रे व राष्ट्रपुरुषाचें पद

कान्होजी आंग्र्यांस राष्ट्रपुरुष म्हणावें कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल अलिबागेस बसून देणें सोपें आहे. त्याची खरी परीक्षा दिवेआगरासारख्या गांवीं झाली पाहिजे. हा किनारा कान्होजींच्या काळीं त्यांचे वैरी जे जंजिऱ्याचे सिद्दी, त्यांच्या अमलाखालीं होता, व १९४८ पर्यंत त्याच संस्थानांत राहिला. जो पुरुष सर्व राष्ट्राचा म्हणावयाचा, तो प्रतिपक्षाच्या मुलखांतील रयतेच्या वंशजांसही आपला वाटला पाहिजे.

इंग्रजांनीं कान्होजींस चांचे म्हटलें, तें आम्हांस मान्य नाहीं. ते छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजास दस्तक घ्यावयास लावणें हा जर चांचेपणा, तर हाच क्रम त्यांच्या आधीं दोनशें वर्षें चालविणाऱ्या पोर्तुगीजांस काय म्हणावें? १७२१ सालीं हेच पोर्तुगीज इंग्रजांसह कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले.

परंतु अभिमानानें सत्य झांकूं नये. दस्तकावांचून जाणारीं देशी व्यापाऱ्यांचीं गलबतेंही कान्होजींनीं धरलीं. १७१३ सालीं त्यांनीं शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांसच कैद केलें; पुढें बाळाजी विश्वनाथांनीं सलोखा घडविला. तेव्हां निष्ठा राज्याशीं व घराण्याशीं असे. आजचें राष्ट्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. म्हणूनच १७२९ सालीं कान्होजी वारल्यावर पुढें पुत्रांत कलह माजला, आणि १७५६ सालीं खुद्द पेशव्यांनीं इंग्रजांशीं संगनमत केलें असतां विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें.

तर मग मान कशाचा करावा? आमच्या मतें, ज्यांचा समुद्र त्यांचाच त्यावर कायदा, हें तत्त्व ज्यानें परकीय तोफांपुढें सिद्ध केलें, त्या कर्तृत्वाचा. एवढ्यापुरतें राष्ट्रपुरुषाचें पद त्यांस यथायोग्य आहे, आणि १९५१ सालीं मुंबईतील नौदलाच्या तळास आंग्र्यांचें नांव दिलें गेलें, तें उचितच झालें.

मात्र तें कर्तृत्व एकट्याचें नव्हतें. गुराबा व गलबतें हांकणारे कोळी, भंडारी व मुसलमान खलाशी होते. त्यांचीं नांवें कोणत्याही चौथऱ्यावर नाहींत. सरखेलांचा जयजयकार करावयाचा आणि तांडेलाच्या मुलास पंक्तींत दूर बसवावयाचें, ही राष्ट्रभक्ति नव्हे. कोळीवाड्यास प्रतिष्ठा मिळेल, तेव्हांच कान्होजींचा गौरव पुरा झाला असें आम्ही समजूं.