वाटेवरची दैवतं – भाग ११ : ज्योत आणायला गेलेली पोरं

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. भाद्रपद सरत आला की इथल्या टोलनाक्यावरून रात्री-अपरात्री पोरांचे जथे जाऊ लागतात. पुढे हातात ज्योत घेऊन अनवाणी धावणारा एक जण, मागे एकाच रंगाच्या टी-शर्टातले दहा-पंधरा सोबती आणि शेवटी भगवा झेंडा लावलेला टेम्पो. टी-शर्टाच्या पाठीवर मंडळाचं आणि गावाचं नाव. ‘आई राजा उदो उदो’ची आरोळी आधी ऐकू येते, उजेड नंतर दिसतो.

देवीच्या निद्रेविषयी मागच्या भागात लिहिलं होतं. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेला पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते आणि मग घट बसतात. ज्योत न्यायला येणारी बरीच मंडळं नेमकी या मधल्या दिवसांत येतात. म्हणजे देवी निजलेली असताना तिच्या दारातून विस्तव निघतो आणि ती उठून बसेपर्यंत गावोगाव पोचलेला असतो. लांबची मंडळं आधी निघतात, जवळची सर्वपित्री अमावास्येच्या सुमाराला.

गावाकडून येताना पोरं गाडीनं येतात. कल्लोळ तीर्थावर हातपाय धुऊन किंवा आंघोळ करून दर्शन घ्यायचं, ज्योत पेटवायची आणि परतीची सगळी वाट पळत काटायची. ज्योत म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला तेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. टेम्पोत तेलाचा डबा आणि जास्तीच्या चिंध्या असतात. बोळा विझू लागला की चालत्या पावलांनीच त्यावर तेल ओततात. एक थकला की दुसरा त्याच्या बरोबरीनं धावू लागतो, दांड्याला हात घालतो. चार-सहा पावलं दोघांचेही हात दांड्यावर असतात. नव्याची पकड बसल्यावरच पहिला सोडतो. तेलाचे तापलेले थेंब मनगटावर ओघळतात, पण दांडा खाली टेकवायचा नाही असा दंडक आहे. तुळजापूरच्या घाटात वारा सुटला की दोघं-तिघं अंगानं आडोसा धरून पळतात.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला देवळाचं एक काम सोपवलेलं असतं. दर्शन घेऊन प्रसादाचा पुडा आणणं वेगळं. इथं त्याच्या हातातला विस्तव पोचला नाही तर मंडपातला नंदादीप लागणार नाही, आणि हे त्याला ठाऊक असतं.

अशीच रीत फार दूरच्या एका पंथात आहे. अमेरिकेतल्या मॉर्मन ख्रिस्ती समाजात रविवारची प्रार्थना गावातल्या सभागृहात होते. त्यांचं मंदिर वेगळं असतं आणि तिथं पंथातल्या लोकांनाही परवान्याशिवाय आत जाता येत नाही. बारा वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींना स्थानिक धर्मप्रमुख समोर बसवून आचरणाविषयी विचारतो आणि मगच परवाना देतो. मग गटच्या गट मंदिरात जातात. पांढरे कपडे घालतात. बारा बैलांच्या पुतळ्यांवर तोललेल्या कुंडात उतरतात आणि बाप्तिस्मा न घेता वारलेल्या पूर्वजांच्या नावानं स्वतः बुडी घेतात. अनेक मुलं घराण्याच्या नोंदी धुंडाळून ती नावं स्वतःच आणतात. भारतातल्या मॉर्मन मुलांना यासाठी परदेश गाठावा लागे. देशातलं पहिलं मंदिर बंगळुरूला बांधायचं 2018 साली जाहीर झालं आणि 2020 च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं.

श्रद्धा वेगळ्या, विधी वेगळे. पण कोवळ्या वयाच्या मुलांवर वडीलधाऱ्यांनी विश्वास टाकणं दोन्हीकडे आहे. त्यांच्याकडे मुली बरोबरीनं कुंडात उतरतात. आपल्याकडे बहुतेक मंडळांत धावणारे मुलगेच असतात. पुढं आश्विन पौर्णिमेला याच रस्त्यानं हजारो बायका पायी तुळजापूरला जातात, तेव्हा पळण्याची ताकद हा प्रश्न नाही. मंडळांनी मुलींना दांडा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी काळजी रस्त्याची. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, रात्रभर मालट्रक धावतात आणि झोपेला आलेली पोरं कडेवरून मध्ये सरकतात. टेम्पो कायम मागे ठेवावा, त्याचे मागचे दिवे चालू असावेत, मुलांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं असावीत. भोंगे इतके मोठे नकोत की मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकूच येऊ नये. यातलं काहीही महाग नाही. वर्गणीतून आधी ही जाकिटं घ्यावीत, मंडपाची झालर नंतर.

ज्योत वेशीवर आली की बायका घागरी घेऊन उभ्या असतात. धावणाऱ्याच्या पायावर पाणी ओततात, कुंकू लावतात. त्या ज्योतीवर नंदादीप लागतो आणि नऊ रात्री तो राखायच्या पाळ्या लावतात. पहाटेची पाळी बहुधा धावून आलेल्यांपैकीच कोणी मागून घेतो.

पुढच्या भागात आश्विन पौर्णिमेची पायी वारी आणि सोलापूरहून निघणाऱ्या मानाच्या काठ्या.