बर्फावरचे रंग

रस्त्यावर लाल दिवा दिसला की आपण थांबतो आणि हिरवा दिवा लागला की पुढे जातो. बर्फाच्या डोंगरावरही अशा रंगीत खुणा असतात. त्या काय सांगतात, हे तुम्हांला माहीत आहे का?

पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. युरोपातील आल्प्स पर्वतात या खेळासाठी खास वाटा तयार करतात. यंत्राने बर्फ दाबून सारखा करतात. वाट किती अवघड आहे, हे कडेच्या खुणांच्या रंगावरून कळते.

फ्रान्समध्ये हिरवी वाट सर्वांत सोपी असते. ती शिकाऊ लोकांसाठी असते. निळी वाट सोपी, लाल वाट अवघड आणि काळी वाट सर्वांत अवघड असते. म्हणजे येथे लाल रंगाचा अर्थ 'थांबा' असा नाही. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत निळी वाट १०० मीटर आडव्या अंतरात साधारणपणे २५ मीटरपर्यंत खाली उतरते. लाल वाट ४० मीटरपर्यंत उतरते. काळी वाट त्याहूनही तीव्र असते.

अमेरिकेत खुणा वेगळ्या आहेत. तेथे हिरवे वर्तुळ, निळा चौरस आणि पत्त्यांतील चौकटसारखी काळी आकृती असते. तेथील प्रत्येक केंद्र आपल्याच उतारांची एकमेकांशी तुलना करून खुणा ठरवते. म्हणून एका ठिकाणची निळी वाट दुसऱ्या ठिकाणच्या निळ्या वाटेपेक्षा अवघड असू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रंग उताराची माहिती देतो, त्या दिवसाची नाही. दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठतो. मग सकाळी सोपी वाटही काचेसारखी निसरडी होते. धुके पडले, तर पुढचे काहीच दिसत नाही. पाय थकले असतील, तर तोल जातो.

या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियमही आहेत. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळावे. थांबायचे असेल, तर वाटेच्या कडेला थांबावे. बंद केलेल्या वाटेवर जाऊ नये. अपघात झाल्यास मदत करावी. याशिवाय डोक्यावर हेल्मेट घालावे.

आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग या खेळासाठी प्रसिद्ध आहे. 'गुल' म्हणजे फूल, हे तुम्ही जाणताच. 'मर्ग' म्हणजे कुरण. हिवाळ्यात हे फुलांचे कुरण बर्फाने झाकून जाते. तेथून केबल कार अफरवत पर्वतावर जाते. वरच्या बहुतेक उतारांवर तयार वाटा नाहीत. तेथे रंगांच्या भरवशावर राहता येत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर हिमकडा कोसळला. त्यात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. म्हणून अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नये. हिमकडे कोसळण्याचा इशारा आहे का, हे आधी विचारावे आणि जाणकार वाटाड्या बरोबर घ्यावा.

काळ्या वाटेवर उगीच धाडस करून हातपाय मोडून घेण्यात शौर्य नाही. आपली ताकद ओळखून योग्य वाट निवडतो, तोच खरा खेळाडू.