आईबापांची उमेद आणि सरकारी मदत

गरिबाला मुलांच्या शिक्षणाची आच नसते, हे विधान आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या सहजतेने केले जाते की, त्याला पुरावा लागतो याचेच विस्मरण व्हावे. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली या प्रश्नाची निराळी मांडणी केली. आकांक्षा बाळगणे हीदेखील एक क्षमता असून ती सरावाने वाढते. ज्याच्या वाट्याला निवड करण्याचे प्रसंगच थोडे येतात, त्याची ही क्षमता खुंटते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मेक्सिकोच्या ‘प्रोग्रेसा’ योजनेचा अनुभव या संदर्भात लक्षणीय आहे. १९९७ साली ग्रामीण भागात सुरू झालेल्या या योजनेत मुले नियमित शाळेत गेली आणि कुटुंबाने आरोग्यकेंद्रात वेळोवेळी तपासणी करून घेतली, तर रोख रक्कम मातेच्या हाती पडे. माध्यमिक शाळेतील मुलीला मुलापेक्षा अधिक विद्यावेतन होते. पाहणीसाठी घेतलेल्या ५०६ खेड्यांपैकी ३२० खेड्यांत योजना आधी गेली, उरलेल्यांत नंतर. आणि हा क्रम यदृच्छेने ठरविला गेल्यामुळे तुलनेला आधार मिळाला.

चियापा, गार्रिदो व प्रिना या तीन संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, योजनेमुळे लाभार्थी आईबापांची मुलांच्या शिक्षणाविषयीची अपेक्षा सुमारे एकतृतीयांश शालेय वर्षाने वाढली. वाढ अल्पच. परंतु अटींमुळे ज्या कुटुंबांचा डॉक्टर व परिचारिका यांच्याशी अधिक संबंध आला, त्यांची अपेक्षा तसा संबंध कमी आलेल्या कुटुंबांहून जवळजवळ अर्ध्या शालेय वर्षाने अधिक होती. म्हणजे सारा परिणाम रकमेचा नव्हे. शिकलेली बाई काय करू शकते, हे त्या मातांना समोर बसून पाहावयास मिळाले.

अटींचा हा जाच मला व्यक्तिशः रुचत नाही. फेऱ्या मारण्याचा भार बहुतांशी मातांवरच पडला. तथापि, आपल्या रोजगार हमी योजनेकडे पाहताना हा फरक डोळ्यांत भरतो. त्या योजनेसाठी १९७५ साली बसविलेला व्यवसाय कर महाराष्ट्रातील नोकरदारांच्या वेतनातून आजही कापला जातो. खडी फोडणाऱ्या बाईला तिने मजुरी दिली, दुष्काळात चूल पेटती ठेवली, आणि हे काम थोडे नव्हे. पण कामावर त्या बाईची गाठ पडे ती मुकादमाशी आणि हजेरीपटाशी.

मेक्सिकोतील योजना नावे बदलत २०१९ पर्यंत चालली. तिच्या जागी आलेल्या बेनितो हुआरेस शिष्यवृत्तीत रक्कम आहे. दवाखान्याची फेरी नाही.