'मनी कोण?' याचं उत्तर नोट्समध्ये नव्हतं

इंटर्नलची तोंडी परीक्षा सुरू होती आणि मी 'कोसला'वर बोलत होते. अस्तित्ववाद, परात्मता, साठनंतरची मराठी कादंबरी, सगळं घडाघडा. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मनी कोण गं?"

मी गप्प. सोळा पानांच्या झेरॉक्स नोट्समध्ये मनी नव्हती. पुस्तक तर मी उघडलंच नव्हतं. "वाचून ये, सोमवारी परत घेते," एवढंच मॅडम म्हणाल्या.

हे तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या बॅगेत आत्ता अशीच एखादी कादंबरी पडून असेल. सिलॅबसला लागलेली, दहा पानांपुढे न सरकलेली.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेल, मेस, मित्र, उधळपट्टी सगळं करून शेवटी हात हलवत गावी परततो. म्हणजे गोष्ट आपल्याच वयाची. मग अडतं कुठे? सरळ प्लॉट नाही. मध्येच डायरी सुरू होते, मध्येच इतिहास संशोधनाची भन्नाट नक्कल. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' तर पावलोपावली. त्यात मी इंग्लिश मीडियमची. कोपरखैरणे ते ठाणे लोकलमध्ये उभ्याने वाचताना एकेक वाक्य दोनदा वाचावं लागायचं.

शेवटी रात्री स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचायला लागले. समोर आजी मेथी निवडत होती. आणि गंमत म्हणजे डोळ्यांना अवघड वाटणारी वाक्यं कानाला सोपी वाटली, कारण ती बोलण्यासारखीच आहेत. मेसचे किस्से ऐकून आजी खुदुखुदू हसायची.

मग मनी आली. पांडुरंगची लहान बहीण. ती देवी येऊन जाते. मी थांबले. "आजी, देवी येणं म्हणजे?"

आजीने ब्लाउजची बाही वर सरकवून दंडावरचा गोल व्रण दाखवला. देवीच्या लसीचा. लहानपणापासून बघत आलेय मी तो, पण कधी विचारलंच नव्हतं. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये सगळं जग. आपल्यासाठी हा रोग जीकेच्या प्रश्नापुरता उरलाय. आजी म्हणाली, "माझा धाकटा भाऊ यातच गेला. चार वर्षांचा होता." बावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. पुढे त्या रात्री वाचन झालं नाही.

तर मदत शोधताय? माझ्या अनुभवातून थोडं.

आधी मूळ पुस्तक, मोठ्याने, रोज वीस पानं. एकट्याने जमत नसेल तर तिघंचौघं मिळून वाचा, एकाला कळलेलं दुसऱ्याला कळतं.

अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' इंटरनेटवर फुकट शोधता येतात. तिथेही नाही सापडलं तर सोसायटीत विचारा. नवी मुंबईत महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यातला माणूस आहे. आमच्या मजल्यावरच्या जळगावच्या काकूंनी खानदेशातले कितीतरी शब्द चहा पिता पिता उलगडून दिले.

समीक्षा हवी तर ट्रान्स हार्बर लोकल पकडून ठाण्याला जा. तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. दादर जवळ पडत असेल तर १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ग्रंथपालांना नुसतं "कोसला द्या" म्हणू नका, "कोसलावर काय आहे?" असं विचारा. बाबा भांड यांनी संपादित केलेलं 'कोसलाबद्दल' हे पुस्तक त्यासाठीच आहे. माझ्यासारखे इंग्लिश मीडियमवाले असाल तर सुधाकर मराठे यांचा इंग्रजी अनुवाद 'ककून' शेजारी ठेवा. अडलं की डोकवायचं, पुन्हा मराठीत यायचं.

नोट्स, गाईड, चॅटबॉट सगळ्यात शेवटी. वाईट असतात म्हणून नाही. पुस्तक वाचलेलं असेल तरच त्यातलं बरोबर काय आणि थापा काय, हे आपल्याला कळतं.

सोमवारी मॅडमना खरं सांगितलं, पुस्तक अजून संपलेलं नाही. मग मनीबद्दल बोलले. आजीच्या भावाबद्दलही बोलले. या वेळी एकही अवघड शब्द वापरला नाही. वीसपैकी चौदा मिळाले.

परीक्षा झाली म्हणून त्या रात्री पुस्तक बाजूला ठेवून मोबाईल घेऊन बसले. आजी भाजीचं ताट घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसली होती. थोडा वेळ वाट बघून म्हणाली, "वाच ना गं. त्या पोराचं पुढे काय झालं?"