फ्रिज बंद, इन्सुलिन कुठे ठेवायचं?

‘कार्ड जळलंय, पार्ट मागवलाय,’ असं मेकॅनिक सांगतो आणि आठवडे जातात. 2021च्या चिपटंचाईची झळ मोटारींप्रमाणे फ्रिजनाही बसली होती. दुधाचं रोजच्या रोज भागतं. घरात मधुमेही असेल तर खरी पंचाईत.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच हवं. शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन 25 ते 30 अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. विदर्भात मे महिन्यात खोलीच त्याहून तापते. तिथे ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं कामी येतं. (कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद, त्यामुळे गारवाही कमी.) कुपी मात्र पिशवीत बंद करूनच मडक्यात ठेवा.