स्थूलता आणि व्यायामजन्य दुखापती

व्यायामजन्य दुखापत म्हणजे व्यायाम करताना किंवा त्याचा परिणाम म्हणून स्नायू, कंडरा, अस्थिबंध, कूर्चा अथवा हाड यांना होणारी इजा होय. वजन अधिक असलेल्या आणि जोरकस व्यायामाची सवय नसलेल्या व्यक्तींमध्ये अशा दुखापती मुख्यतः तळपाय, घोटे, नडग्या, गुडघे व कंबर या भार पेलणाऱ्या भागांत आढळतात. यांतील अनेक दुखापती एखाद्या अपघाताने होत नाहीत. ऊतींच्या तत्कालीन क्षमतेपेक्षा अधिक भार वारंवार पडल्याने त्या हळूहळू उद्भवतात. बहुतेक दुखापती शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. मात्र दुखण्याला केवळ वजन कारणीभूत आहे असे समजून व्यायाम कायमचा सोडला जाण्याची शक्यता असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार शरीर वस्तुमान निर्देशांक २५ किंवा अधिक असल्यास अतिरिक्त वजन आणि ३० किंवा अधिक असल्यास स्थूलता मानली जाते. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ अशा सुचविण्यात आल्या.

कारणे

चालताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीरावर येणारे बल शरीराच्या वजनापेक्षा थोडे अधिक असते. धावताना ते वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट होते. म्हणजेच १०० किलो वजनाची व्यक्ती धावत असता टेकलेल्या पायावर क्षणभर २०० ते ३०० किलो वजनाइतका भार येतो. गुडघ्याच्या संधिवाताने त्रस्त असलेल्या स्थूल प्रौढांवरील २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात वजन एक किलोने घटल्यास गुडघ्यावरील भार दर पावलामागे सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे आढळले.

तथापि वजन हे एकमेव कारण नसते. शरीराचे निरनिराळे भाग व्यायामाशी निरनिराळ्या वेगाने जुळवून घेतात. हृदय, फुप्फुसे व स्नायू यांची क्षमता काही आठवड्यांत वाढू लागते. कंडरा व हाडे बळकट होण्यास मात्र अनेक महिने लागतात. हाडावर नव्याने भार पडू लागला की त्याचा जुना भाग आधी शोषला जातो व त्या जागी नवे हाड नंतर तयार होते. त्यामुळे दम पुरू लागला म्हणून व्यायाम झपाट्याने वाढविला, तर पाय त्या वाढीसाठी तयार झालेले नसतात. नवोदितांच्या दुखापती पहिल्या काही आठवड्यांत होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

प्रमुख प्रकार

• नडगीदुखी: नडगीच्या आतील कडेने पसरलेली वेदना. वेदना एकाच बिंदूवर एकवटली आणि विश्रांतीतही राहिली, तर हाडास बारीक तडा गेल्याची शक्यता असते.
• टाचदुखी: तळपायाच्या जाड पट्ट्यावर ताण येऊन होते. सकाळी उठल्यावर टाकलेली पहिली पावले सर्वाधिक दुखतात.
• टाचेच्या कंडरेचे दुखणे: पोटरी व टाच यांना जोडणारी कंडरा सकाळी आखडते आणि उड्या, चढण किंवा धावणे यांमुळे दुखते.
• गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना: जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बैठका काढताना वाढते.
• घोटा मुरगळणे व कंबरेत उसण भरणे: तोल जाणे, थकवा आलेला असणे किंवा चुकीच्या पद्धतीने वजन उचलणे यांमुळे अचानक होते.

अंग आंबणे आणि दुखापत

सवय नसलेल्या व्यायामानंतर अंग आंबणे स्वाभाविक आहे. ही वेदना साधारणतः दुसऱ्या दिवशी सुरू होते, २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते, दोन्ही बाजूंच्या स्नायूंत पसरलेली असते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. याउलट व्यायाम चालू असतानाच उठलेली तीव्र कळ, एकाच बाजूची किंवा सांध्यातील वेदना, सूज आणि लंगडत चालणे ही दुखापतीची लक्षणे होत.

तातडीची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी लागते:

• छातीत दुखणे वा दडपण, भोवळ, किंवा श्रमाच्या मानाने अवाजवी दम लागणे.
• पायावर भार देऊन चार पावलेही टाकता न येणे, किंवा हाड दाबल्यावर तीव्र वेदना होणे.
• एकाच पोटरीला सूज, उष्णता व वेदना. नसेतील रक्ताची गुठळी अनेकदा स्नायूचे दुखणे समजली जाते. स्थूलतेत तिचा धोका अधिक असतो.
• स्नायूंत असह्य वेदना, सूज व दुर्बलता, आणि गडद तपकिरी लघवी. अतिश्रमाने स्नायूंचा ऱ्हास होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढण्यासारख्या प्रकारांतून ही अवस्था उद्भवते. कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांवरील २०१६ मधील एका मोठ्या अभ्यासात स्थूलता आणि सिकलसेलचे वाहक असणे या दोन्हींमुळे हा धोका वाढलेला दिसला. सिकलसेल विदर्भातील अनेक समाजांत आढळत असल्याने ही बाब तेथेही महत्त्वाची ठरते.

प्रथमोपचार

विश्रांती, बर्फ, दाब व दुखरा भाग उंचावर ठेवणे हे चतुःसूत्र अमेरिकी वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उलट विलंब लागू शकतो, असे त्यांनीच २०१४ मध्ये नमूद केले. २०१९ मध्ये कॅनडातील भौतिकोपचारतज्ज्ञांनी मांडलेल्या सूत्रात पहिले एक ते तीन दिवस दुखऱ्या भागास जपणे आणि त्यानंतर वेदना सोसेल तितका भार क्रमाने देणे, यांवर भर आहे. वेदना कमी करण्यासाठी बर्फ वापरल्यास तो कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटेच लावला जातो. ताज्या दुखापतीवर शेक देणे किंवा तेल लावून जोराने चोळणे टाळावे. मूत्रपिंडविकार, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे असते.

पुनर्वसन

दुखापत झाली म्हणून सर्व व्यायाम थांबविण्याची सहसा गरज नसते. दुखरा भाग जपून शरीराचा उर्वरित भाग कार्यरत ठेवता येतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवरील भार जवळपास निम्मा होतो. त्यामुळे पाण्यात चालणे किंवा पोहणे उपयुक्त ठरते. स्थिर सायकल आणि बसून करावयाचे हातांचे व्यायाम हेही पर्याय आहेत. कंडरांच्या दुखण्यात सावकाश व क्रमाने वाढणारे बळवर्धक व्यायाम हा उपचाराचा मुख्य भाग असतो. व्यायामातील वेदना सौम्य राहिली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आली, तर तो भार पेलला गेला असे समजले जाते.

प्रतिबंध

आरंभी चालण्यावर भर देऊन नंतर अल्पकाळ धावणे व चालणे आळीपाळीने करणे, जोरकस व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये खंड ठेवणे आणि आठवड्यातून दोन दिवस बळवर्धक व्यायाम करणे, असा क्रम सुचविला जातो. अंतर दर आठवड्याला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम प्रचलित असला तरी २००८ मधील एका डच चाचणीत त्याने नवोदित धावपटूंच्या दुखापती घटल्या नाहीत. त्यामुळे ठरावीक आकड्यापेक्षा शरीराचा प्रतिसाद पाहून वाढ करणे अधिक योग्य मानले जाते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम टाळून तळपाय रोज तपासावेत. त्यांना जखम झाल्याचे अनेकदा जाणवत नाही.

हे सुद्धा पहा

• स्थूलता
• शरीर वस्तुमान निर्देशांक
• भौतिकोपचार
• प्रथमोपचार